मुंगी घाटातली कावड

आपल्या वर्गात सोलापूर जिल्ह्याचा नकाशा लावलेला आहे. तो पाहून वाटते की आपला जिल्हा सगळा सपाट आहे. पण आपल्या माळशिरस तालुक्याच्या पश्चिम बाजूला डोंगर आहे. त्याला महादेवाचा डोंगर म्हणतात. ही सह्याद्रीचीच एक रांग आहे. माणगंगा नदी याच रांगेत उगम पावते आणि सांगोला, मंगळवेढा या भागातून वाहत जाऊन भीमेला मिळते.

या डोंगरावर शिखर शिंगणापूर हे गाव आहे. आपल्याकडे नुसते ‘शिखर’ म्हटले तरी कळते. ते गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात येते. पण डोंगराचा पायथा आपल्या तालुक्यात आहे. पायथ्याला कोथळे गाव आहे. तिथून वर जो कडा चढतो, त्याला मुंगी घाट म्हणतात. देव साताऱ्याचा आणि वाट सोलापूरची, असे आमचे आजोबा गमतीने म्हणतात.

शिखरावर शंभू महादेवाचे जुने दगडी देऊळ आहे. गाभाऱ्यात दोन पिंडी आहेत. एक महादेवाची व एक पार्वतीची. हे भोसले घराण्याचे कुलदैवत आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी इथे मोठा तलाव बांधला. त्याला आता ४०० वर्षे झाली. एवढ्या उंच डोंगरावर यात्रेकरूंना पाणी कुठून मिळणार? म्हणून त्यांनी तो बांधला.

दर वर्षी चैत्र महिन्यात शिखराची यात्रा असते. ती पाडव्याला सुरू होते आणि पौर्णिमेपर्यंत चालते. ही यात्रा म्हणजे देवाचे लग्नच. पंचमीला देवाला हळद लागते. अष्टमीला महादेवाच्या देवळाच्या कळसापासून बळीच्या देवळाच्या कळसापर्यंत लांबच लांब पागोटे बांधतात. त्याला ध्वज म्हणतात. नवरा-नवरीची गाठ बांधतात ना, तसेच ते दिसते. त्या रात्री लग्न लागते. मराठवाड्यातून आणि कर्नाटकातूनही वऱ्हाडी येतात.

मग द्वादशीला कावडी येतात. कावड म्हणजे काय ते सांगतो. एका मजबूत लांब लाकडाला दोन बाजूंना दोन तांब्याचे रांजण बांधतात. त्यांत नदीचे पाणी भरतात. वर रंगीत कापड आणि निशाण लावतात. सासवडहून भुतोजी तेली यांची मानाची कावड येते. तिच्यात कऱ्हा नदीचे पाणी असते. ती माणसे शंभर किलोमीटरच्या आसपास पायी चालत येतात. बाकी गावोगावच्या कावडी वेगळ्या.

शिखराला जायला चांगला डांबरी रस्ता आहे. देवळाला पायऱ्याही आहेत. पण कावड रस्त्याने जात नाही. ती मुंगी घाटानेच चढवतात. तिथे पायरी नाही, वाट नाही. नुसता कडा आणि सुटे दगड. मी आजोबांना विचारले, “मग एवढी जड कावड वर जाते कशी?” ते म्हणाले, “आरं, तिथं रिकामा माणूस बी एकटा चढला तर घसरतो. म्हणून साखळी करायची.”

साखळी अशी असते. काही माणसे पाय रोवून कड्यावर उभी राहतात आणि एकमेकांचे हात घट्ट धरतात. कावडीला दोर बांधलेला असतो. पुढचे लोक दोर ओढतात. मधले कावडीला खांदा देतात. मागचे खालून रेटा देतात, म्हणजे कावड मागे सरकत नाही. खाली हलगी वाजत असते आणि सगळे ‘हर हर महादेव’ म्हणतात. कावड थोडी वर गेली की थांबायचे, दम घ्यायचा, पुन्हा ओढायचे. लांबून पाहिले तर माणसे मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात. वर गेल्यावर त्या पाण्याने देवाला अंघोळ घालतात.

पाणीच का न्यायचे, याचा मी विचार केला. पावसाचे ढग सह्याद्रीवर अडतात. आपल्या भागात ते येईपर्यंत पाणी थोडेच उरते. म्हणून माण आणि माळशिरसचा हा डोंगर कोरडा आहे. चैत्रात तर विहिरी तळाला जातात. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या देतात. मला वाटते, देवालाही माणसांनी तेच दिले.

याच डोंगराच्या आसपास धनगर बांधव मेंढरे घेऊन फिरतात. चारा-पाणी संपले की ते कुटुंब आणि बिऱ्हाड घोड्यावर घालून लांब जातात आणि पावसाळ्यात परततात. ढोलाच्या तालावर ते गजी नाच करतात. ओवी म्हणायला बसले की आधी सुंबरान मांडतात. सुंबरान म्हणजे देवाचे स्मरण.

आमच्या गावचीही कावड आहे. आजोबांनी पुष्कळ वर्षे तिचा दोर धरला. आता त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून वडील धरतात. पण गावची खूप तरुण माणसे पुण्याला कंपनीत कामाला गेली आहेत. गेल्या वर्षी माणसे कमी पडली आणि कावड निम्म्या घाटात थांबली. खालच्या अंगाला माणूसच नव्हता. तेव्हा शेजारच्या गावच्या लोकांनी आपली कावड टेकवली आणि आमच्या कावडीला हात दिला. मग आमच्या लोकांनी त्यांची चढवली. आई घरी सांगत होती की त्या दिवसापासून आजोबांना काळजी लागली आहे. कावड देवळात आहे, दोर आहे, रांजण आहेत. पण माणसे नसतील तर ती वर कशी जाणार?

लहान मुलांना घाटात जाऊ देत नाहीत. आम्ही आई-आजीबरोबर गाडीने वर जातो आणि कड्यावरून वाट बघतो. मी मोठा झाल्यावर दोर धरणार आहे. पण त्याला अजून आठ-दहा वर्षे लागतील. म्हणून हे वाचणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे. येत्या चैत्रात द्वादशीला एक दिवसाची सुट्टी काढा. तुमचे भाऊ, काका, मामा पुण्या-मुंबईला असतील तर त्यांना आताच फोन करून सांगा. कावड कोणत्याही गावची असू द्या, घाटात हात लागतातच.

इयत्ता चौथी