सर्जाची पेटी दिल्लीला कशी नेली



आपल्या शाळेचा यंत्रमानव, म्हणजे आपला सर्जा, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या स्पर्धेला जाऊन आला हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहेच. तो चालतो कसा, वळतो कसा आणि रेघ कशी ओळखतो हे शेजारच्या कागदावर आमच्या तुकडीतल्या मुलांनी आकृत्या काढून लिहिले आहे. मी ते लिहिणार नाही, कारण मला ते त्यांच्याइतके येत नाही. माझ्याकडे सामानाचे काम होते. लासलगावच्या बाजूच्या एका खेड्यातून सुमारे तेराशे किलोमीटर लांब दिल्लीला एक नाजूक वस्तू न मोडता कशी न्यायची, एवढेच मी सांगणार आहे.

आधी हे सांगते की मी जाणारच नव्हते. तुकडी सहा जणांची, त्यात माझे नाव शेवटचे. गुरुजींनी घरी संमतिपत्र पाठवले तेव्हा बाबा म्हणाले, "टेबलावर ते यंत्र दोघंच चालवणार म्हणतात. मग सामान सांभाळायला पोरीनं दिल्लीला कशाला जायचं? हमाल मिळत नाही का तिथं?" आई काही बोलली नाही, पण तिलाही तसेच वाटत होते. मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी मी वही घेतली आणि काय काय न्यायचे ते लिहायला बसले. ४३ वस्तू झाल्या. ती वही मी बाबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

आमचे बाबा पिकअप चालवतात. कांदा, टोमॅटो, द्राक्षे, सगळा माल त्यांनी वाहिला आहे. त्यांनी यादी वाचली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ह्यातलं तिथं काय मिळणार आहे?" मला उत्तर देता आले नाही. मग ते म्हणाले, "मग ही यादी नाही, ही नुसती भीती लिहिलीयेस."

त्या प्रश्नामुळे पुष्कळ काम हलके झाले. गुरुजींनी स्पर्धेच्या लोकांना विचारले. टेबल, टेबलावरची चटई आणि तिच्यावरचे अडथळे सगळे तिथेच असते. आमच्या सरावाची चटई सुमारे आठ फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद आहे. तिची घडी घालता येत नाही. घडीची रेघ पडली की सर्जाचे चाक तिथे उडी मारते. गुंडाळली तरी ११४ सेंटिमीटर लांब नळकांडे होते. रेल्वेत प्रवाशाच्या डब्यात न्यायच्या पेटीचे बाहेरून माप १०० × ६० × २५ सेंटिमीटर असे ठरलेले आहे. त्याहून मोठी पेटी सामानाच्या डब्यात टाकावी लागते, म्हणजे ती आपल्या नजरेआड जाते. म्हणून चटई घरी राहिली. तिच्याऐवजी वाढदिवसाच्या एका जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू घेतली. त्यावर चटईचा फक्त अवघड कोपरा मापाने काढला. तो तुकडा ९० सेंटिमीटर रुंद कापला, म्हणजे गुंडाळून मापात बसला. (वाढदिवस कोणाचा होता ते विचारू नका. ते काका आपल्या शाळेत येत असतात.)

आता वजनाचे. शयनयान वर्गात एका प्रवाशाला ४० किलो सामान मोफत नेता येते. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मे. आमच्यात बारा पूर्ण झालेले चौघे, न झालेले दोघे, शिवाय गुरुजी आणि बाई. म्हणजे सहा जणांचे २४० आणि दोघांचे ४०, एकूण २८० किलो. भुसार दुकानातल्या काट्यावर मी आमचे सर्व सामान एक एक करून तोलले. सर्जा, सुटे भाग, हत्यारे, संगणक आणि तक्ते मिळून ३८ किलो झाले. कपड्यांच्या पिशव्या धरूनसुद्धा शंभर झाले नाहीत. वजनाची काळजी मिटली, माप मात्र राहिले.

बाबा म्हणाले, टोमॅटोचा क्रेट घे, मजबूत असतो. मी पट्टी लावली. उंची २९ सेंटिमीटर भरली. "चार सेंटिमीटरनं काय होतंय?" असे ते म्हणाले. मी म्हणाले, "बाबा, तुम्हीच सांगता ना, काट्यावर चार किलो जास्त निघाले तर कोण ऐकतं?" तेव्हा ते हसले. मला वाटते, त्याच वेळी मला दिल्लीला पाठवायचे त्यांच्या मनात आले असावे. पण सही त्यांनी आणखी चार दिवसांनी केली.

पेटी गावातल्या सुतारकाकांनी जुन्या प्लायवूडची केली. बाहेरून ७० × ४५ × २५. भरायची कशी हे बाबांनी शिकवले. त्यांचे म्हणणे असे की, गाडी हलणारच, रस्ता खडबडीत असणारच, त्याला इलाज नाही. पण पेटीच्या आत माल हलला की माल गेला. द्राक्षाच्या खोक्यात घड एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये कागद घालतात, तसेच हे. जुन्या गादीचा स्पंज आणून आम्ही सर्जाच्या आकाराचा खड्डा त्यात कापला. त्याचे पोट स्पंजावर टेकेल आणि चाके अधांतरी राहतील असे केले, नाहीतर दोन दिवस वजन पडून रबर एका जागी चपटे होते. जड हत्यारे तळाला. लहान पिना आईच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात, प्रत्येक वाटीत एका रंगाच्या.

सर्जा अख्खा न्यायचा की सोडवून, ह्यावर मात्र तुकडीत भांडण झाले. चालवणारी मुले म्हणत होती अख्खाच न्यायचा, परत जोडताना चूक झाली तर? मला वाटत होते सोडवावा. बाई म्हणाल्या, भांडू नका, करून पाहा. म्हणून एका शनिवारी आम्ही पेटी घेऊन एस.टी.ने येवल्याला गेलो आणि तशीच परत आणली. मुद्दाम मागच्या बाकावर बसलो. शाळेत येऊन पेटी उघडली. दोन पिना निघाल्या होत्या, एका मोटरची वायर अर्धी बाहेर आली होती आणि सर्जा सरळ जाण्याऐवजी भिंतीकडे गेला. पुढच्या शनिवारी त्याचे तीन भाग केले: धड, वर उचलायचा हात आणि पुढचे औत. ह्या वेळी काही निघाले नाही. जोडायला मात्र अकरा मिनिटे लागली. मग आम्ही रोज मधल्या सुट्टीत जोडायचा सराव केला, शेवटी चार मिनिटांवर आलो. चारही बाजूंची चित्रे मी वहीतही काढली, कारण मोबाईलमधला फोटो मोबाईल बंद पडला की दिसत नाही.

बॅटरीबद्दल थोडे सांगते. सर्जाची बॅटरी लिथियमची आहे. पेटीत काहीतरी दाबले जाऊन बटण चालू झाले तर मोटर आतल्या आत फिरत राहील आणि बॅटरी संपेल. म्हणून ती काढून, तोंडाला चिकटपट्टी लावून, वेगळ्या डबीत हातातल्या पिशवीत ठेवायची. विमानाने जाणाऱ्यांना तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातच ठेवाव्या लागतात, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात त्या चालत नाहीत. हत्यारांचे बरोबर उलटे, स्क्रूड्रायव्हर पोटात टाकायचा, हातात नाही. बॅटरीची ताकद वॅट-तासांत मोजतात. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करायचा. आमची ७.३ गुणिले २.१, म्हणजे साधारण १५. साधारणपणे १०० पर्यंत विमानात वेगळी परवानगी लागत नाही. आम्ही काही विमानाने गेलो नाही, पण हे गणित गुरुजींनी फळ्यावर करून दाखवले आणि दशांश चिन्हाचा उपयोग मला तेव्हा पहिल्यांदा कळला.

कागदपत्रांचा मला कंटाळा येत होता, तेव्हा गुरुजींनी अफगाणिस्तानातल्या हेरात शहराच्या मुलींची हकिगत सांगितली. २०१७ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला अनेक देशांतल्या मुलामुलींची यंत्रमानवांची स्पर्धा होती. हेरातच्या सहा मुलींची तुकडी निवडली गेली. त्यांच्या यंत्राचे सुटे भाग तपासणीत अडकून पडले, म्हणून त्यांना बांधायला दुसऱ्यांपेक्षा फार कमी दिवस मिळाले. व्हिसासाठी हेरातहून काबूलला जायचे, सुमारे आठशे किलोमीटर, आणि तो रस्ता धोक्याचा. त्या दोनदा गेल्या. दोन्ही वेळा नकार मिळाला. म्हणजे बघा, यंत्राला अमेरिकेत जायची परवानगी होती आणि ते बनवणाऱ्या मुलींना नव्हती! जगभर बातम्या आल्या आणि शेवटच्या घटकेला त्यांना प्रवेश मिळाला. स्पर्धेत त्यांना धैर्याबद्दल रौप्यपदक मिळाले. हे ऐकल्यावर मी आमचे सहा संमतिपत्र, सहा ओळखपत्रांच्या प्रती आणि मुख्याध्यापकांचे पत्र एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पेटीत सगळ्यांत वर ठेवले. पत्रात पेटीतल्या वस्तूंची यादी हिंदीत होती, कारण तपासणीच्या यंत्रात वायरी आणि बॅटरी दिसली की विचारतातच. दिल्लीत दोनदा विचारले. दोन्ही वेळा पत्र वाचून सोडले, आणि एका पोलीसकाकांनी तर सर्जा चालवून दाखवा म्हटले.

तिकिटे आधी काढावी लागतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते, पूर्वी ते १२० होते. गुरुजी त्या दिवशी सकाळी आठच्या आधीच संगणकापुढे बसले होते. जानेवारीत उत्तरेकडे धुके असते आणि गाड्या तासन्‌तास उशिरा पोहोचतात, म्हणून एक दिवस आधी पोहोचायचे ठरवले. त्या एका दिवसाच्या मुक्कामाचा खर्च वाचवावा असे काही पालकांचे मत होते. गाडी दिल्लीला पाच तास उशिरा पोहोचली, तेव्हा कोणी काही बोलले नाही.

आता माझी चूक. बाबांनी निघताना सांगितले होते, "सामान मोजू नको, नग मोज." आमचे सात नग होते. वाहन बदलले की एकेकाने आपला नंबर मोठ्याने म्हणायचा. गावातून मनमाडपर्यंत सगळे बरोबर झाले. मनमाडला गाडीची वाट पाहताना मी बॅटरी भरून घेऊ म्हणून भिंतीला वायर लावली. गाडी आली, धावपळ झाली. मी बॅटरी घेतली. सात नग मोजले, सात भरले. आणि वायर भिंतीलाच राहिली. यादीत तिच्यापुढे घरीच खूण केलेली होती, त्यामुळे ती बाहेर काढली म्हणजे खूण पुसली पाहिजे हे माझ्या लक्षातच आले नाही.

भुसावळच्या पुढे मला ते कळले. बॅटरी निम्मीसुद्धा नव्हती. मी रडले. बाईंनी मला काही बोलून दाखवले नाही, पण चालवणारी मुले तोंड फिरवून बसली. आमची वायर जुन्या पद्धतीच्या चपट्या पिनेची. डब्यात ज्याला विचारावे त्याच्याकडे नव्या गोल कडांच्या पिनेची. रात्री डब्यातली चार्जिंगची वीज बंद होती. नर्मदेचा पूल गेला, भोपाळ गेले, मी जागीच. सकाळी एक आजोबा शेजारी दिसले. ते ग्वाल्हेरचे, घरात अजून मराठी बोलतात म्हणाले. त्यांच्या खिशात बटणांचा साधा फोन होता. मी विचारायच्या आधी फोनच्या बुडाकडे पाहिले. चपटी पिन!

त्यांनी वायर दिली. झाशीला सगळी मुले राणीचे नाव घेऊन ओरडत होती, मी मात्र बॅटरीजवळून हलले नाही. ग्वाल्हेरला उतरताना आजोबांनी ती वायर परत घेतली नाही. "तुझा सर्जा उपाशी राहायला नको," म्हणाले. बॅटरी जवळजवळ भरली होती.

दिल्लीत पेटी उघडली तेव्हा एकही पिन निघालेली नव्हती. सर्जा आम्ही साडेचार मिनिटांत जोडला. तीन फेऱ्यांपैकी दोन फेऱ्यांत तो सरळ गेला, एकीत कडेला अडकला. नंबर आला नाही. येताना गाडी वेळेवर होती आणि मनमाडला मी त्या भिंतीकडे जाऊन पाहिले. वायर अर्थातच नव्हती.

बाबा पिकअप घेऊन आले होते. त्यांनी आधी पेटी हलवून कानाला लावली, आत काही वाजते का ते ऐकले, आणि मग मला विचारले, "जेवलीस का?"

मी आता सातवीत आहे, जूनमध्ये ही शाळा सोडून हायस्कुलात जाईन. पेटी विज्ञानाच्या कपाटाखाली आहे. यादी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, प्रत्येक वस्तूपुढे दोन चौकोन आहेत, एक आत ठेवल्याचा आणि एक बाहेर काढल्याचा. आजोबांची वायर मिसळणाच्या डब्यातल्या मधल्या वाटीत आहे. सहावीतल्या ज्यांना सामानाचे काम हवे असेल त्यांनी मला मधल्या सुट्टीत भेटावे.

— इयत्ता ७ वी, यंत्रमानव तुकडी (सामान)