संग्रहालयातील वस्तूचा अर्थ : सोपाऱ्याच्या अवशेषांवरून काही विचार

शब्दाचा अर्थ वाक्यात निश्चित होतो, हे भाषाभ्यासकास नव्याने सांगावयास नको. संग्रहालयातील वस्तूलाही हाच न्याय लागू पडतो. वस्तू ज्या स्थळी सापडली ते स्थळ, तिच्यासमवेत सापडलेल्या इतर वस्तू आणि त्यांची परस्परसापेक्ष मांडणी, हे तिचे वाक्य होय. संग्रहात दाखल होताना वस्तू या वाक्यातून उचलली जाते आणि तिच्या संदर्भाचा भार नोंदवहीतील चार ओळींवर पडतो. या नोंदीचे मोल एका जवळच्या उदाहरणाने स्पष्ट करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाईंदरहून वसईची खाडी ओलांडली की नायगाव व वसई यांच्या पुढे नालासोपारा लागते. प्राचीन ग्रंथांतील शूर्पारक ते हेच. बुरूड राजाच्या नावाने ओळखले जाणारे येथील टेकाड पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इ. स. १८८२ मध्ये खोदले, तेव्हा ते विटांचा बौद्ध स्तूप असल्याचे आढळून आले. त्याच्या गर्भात दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक व त्याच्याभोवती आठ ब्राँझ मूर्ती होत्या. करंडकाच्या आत क्रमाने रुपे, दगड, स्फटिक आणि सोने यांचे करंडक एकात एक बसविलेले होते. सर्वांत आत भिक्षापात्राच्या खापऱ्या जपून ठेवल्या होत्या. सोन्याची फुले व यज्ञश्री सातकर्णीचे रौप्य नाणेही या ठेव्यात मिळाले.

आता कालाचा प्रश्न पाहावा. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीकडे बोट दाखविते. मैत्रेयासह असलेल्या त्या आठ मूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकांतील ठरतात. अर्थात सुमारे सहा शतकांनंतर कोणीतरी स्तूप पुन्हा उघडून या मूर्ती आत ठेवल्या असल्या पाहिजेत. नाणे नाण्यांच्या दालनात व मूर्ती शिल्पांच्या दालनात गेल्या असत्या, तर प्रत्येकीचे वर्णन बिनचूक होऊनही हा निष्कर्ष हातचा निसटला असता. सोपाऱ्यातील श्रद्धेचे सातत्य कोणत्याही एका वस्तूत नाही. ते त्यांच्या सहवासात आहे. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला.

दुसरे उदाहरण अशोकाच्या शिलालेखाचे. आठव्या लेखाचा तुकडा सोपाऱ्यास १८८२ मध्ये मिळाला. नवव्याचा तुकडा त्यानंतर ७४ वर्षांनी, १९५६ मध्ये, नजीकच्या भुईगाव येथे सापडला. आठव्यात राजाच्या धर्मयात्रेचा, तर नवव्यात धर्ममंगलाचा विषय येतो. तुटक अक्षरे वाचता येतात ती गिरनारसारख्या ठिकाणचे पाठ शेजारी ठेवल्यामुळेच. दोन्ही तुकड्यांची प्राप्तिस्थळे नोंदली गेली, म्हणूनच सोपाऱ्यास चौदा लेखांची संपूर्ण मालिका कोरलेली असावी, या अनुमानास बळ मिळाले. हे दोन्ही तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. १९२२ मध्ये खुल्या झालेल्या या संस्थेचे पूर्वीचे नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम असे होते. जुन्या नोंदी वाचणाऱ्याने हे नामांतर ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

प्रदर्शनात वस्तूसाठी नवे वाक्य रचले जाते. याच संग्रहालयात २०१७ मध्ये भरलेल्या ‘भारत आणि विश्व’ या प्रदर्शनात भारतीय वस्तू परदेशी वस्तूंच्या शेजारी मांडल्या होत्या. अशा मांडणीतून तुलनेचा मोठा लाभ होतो, यात संशय नाही. परंतु नवे वाक्य रचताना जुने पुसले जाता कामा नये.

आज सोपाऱ्याचा स्तूप खाडीच्या उत्तरेस आणि त्याचे अवशेष दक्षिण मुंबईतील दोन भिन्न संस्थांत, अशी स्थिती आहे. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे केवळ नोंद. म्हणून संग्रहालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याने वस्तूच्या सौंदर्याचा आस्वाद अवश्य घ्यावा. मात्र टिपण करताना प्राप्तिस्थळ, प्राप्तीचे वर्ष आणि सोबतच्या वस्तू या तीन गोष्टी प्रथम उतरवून घ्याव्यात. त्या जेथे नोंदलेल्या नसतील, तेथे वस्तू सुरक्षित असूनही तिच्या अर्थाचा बराचसा भाग गमावला आहे, असेच म्हणावे लागेल.