काडतूस घरी भरता येते का?

■ यंत्र : अमेरिकेत हौशी नेमबाज झाडलेल्या काडतुसांची पितळी टरफले घरीच पुन्हा भरतात. ‘प्रोग्रेसिव्ह प्रेस’चा दांडा ओढला, की तबकडीवरचे प्रत्येक टरफल एक घर पुढे सरकते. एका घरात जुना प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) निघतो, पुढे नवा बसतो, मग दारू पडते, शेवटी गोळी दाबली जाते. विस्कॉन्सिनमधील ‘ली’ कंपनीचे प्रेस त्यातल्या त्यात स्वस्त.

■ धोका : एकाच टरफलात दोनदा दारू पडली, तर बंदूकच फुटू शकते.

■ आपला कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना इथे चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप.

■ किती काडतुसे? : एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, हे परवान्यावरच लिहिलेले असते.

■ ठासणीची बंदूक : पीक राखण्यासाठी कलम १३ मध्ये हिची तरतूद आहे. हिला काडतूस लागत नाही. दर बाराला नळीच्या तोंडातून दारू आणि छरे घालून गजाने ठासायचे. सेनगाव असो की वसमत, परवाना देणार हिंगोलीचे जिल्हाधिकारी.

■ रानडुक्कर दिसले तर? : बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे वन विभागाची लेखी परवानगी आधी हवी.