वाटसरूची वहिवाट

इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात, डरवेंट नदीच्या काठी बास्लो नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावालगत, चॅट्सवर्थच्या जहागिरीतील एका जुन्या भिंतबंद बागेत, कॅराव्हॅनचा जो तळ आहे तेथे गेल्या जून महिन्यात पुतण्याच्या कुटुंबासमवेत सहा रात्री राहण्याचा योग मला आला. परदेशी जाऊन आलेल्या माणसाने राजवाड्यांविषयी आणि संग्रहालयांविषयी लिहावे असा प्रघात असला, तरी मला लिहावेसे वाटते ते त्या तळाविषयीच. ज्या जमिनीचा आपल्या नावे उतारा नाही, जिच्यावर आपला पिढीजात तर नाहीच पण वर्षभराचाही हक्क नाही, त्या जमिनीवर संध्याकाळी येऊन आपली चूल मांडावी, आणि मालकाने, शेजाऱ्याने व सरकारने त्या चार दिवसांच्या मुक्कामाला मान द्यावा, ही गोष्ट मला तेथील कोणत्याही प्रासादापेक्षा मोलाची वाटली.

कॅराव्हॅन हा शब्द मूळचा फारसी. वाळवंटातून चालणाऱ्या उंटांच्या काफिल्याला 'कारवान' म्हणत, आणि त्याच्या मुक्कामाची जागा ती कारवानसराई. त्यातली 'सराई' आपल्या मुलखात राहिली, आणि 'कारवान' युरोपातील भाषांतून हिंडत हिंडत इंग्रजीत जाऊन छपराच्या गाडीला चिकटला. आपल्याकडे शाळेची मुले जिच्यातून जातात ती 'व्हॅन' म्हणजे याच शब्दाचे उरलेले शेपूट होय. गाडीत घर करून राहणारे लोक इंग्लंडात पूर्वीपासून होते, जसे आपल्याकडे गाडीलोहार होते आणि आहेत. परंतु त्यांचे हिंडणे पोटासाठी होते, आणि गावोगावी त्यांच्या वाट्याला संशय व हाकलून देणे याखेरीज फारसे काही आले नाही. निव्वळ आनंदासाठी असे घर बांधून घेतले ते नौदलातून निवृत्त झालेले शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी. ब्रिस्टलच्या कारखान्यात महोगनी आणि मेपल या लाकडांची सुमारे 2 टन वजनाची गाडी त्यांनी करवून घेतली, तिला 'वाँडरर' म्हणजे भटकी असे नाव दिले, आणि 1885 साली दोन घोडे जुंपून ट्वायफर्डपासून स्कॉटलंडातील इनव्हरनेसपर्यंत सुमारे 1300 मैलांचा प्रवास केला. समोरून येणाऱ्यांना सूचना देण्यासाठी एक सेवक तीनचाकी सायकलवरून पुढे जात असे. 1907 साली अशा हौशी लोकांनी आपला क्लब स्थापन केला, आणि पहिल्या महायुद्धानंतर, 1919 पासून, बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायची घरे बांधावयास घेतल्यावर घोडा गेला आणि सरदारी थाटही ओसरत गेला. चॅट्सवर्थचा तळ चालवतो तो हाच 1907 चा क्लब.

आता ती गाडी. बाहेरून पाहता दोन चाकांवर उभी असलेली एक पांढरी पेटी. परंतु ती 'लावण्याचे' जे शास्त्र आहे ते मी पहिल्या संध्याकाळी पावसाच्या भुरभुरीत उभा राहून पाहिले. प्रत्येक जागेच्या कडेला एक पांढरा खुंट ठोकलेला असतो, आणि गाडीचा मागचा ठराविक कोपरा त्या खुंटाशी यावा असा दंडक असतो. पुतण्या मोटार उलटी घेत होता, सूनबाई मागे उभी राहून हाताने खुणा करीत होती, आणि मी मधेच "आता पुढचं चाक खाली घेऊ का रे?" असे विचारताच तो खिडकीतून म्हणाला, "नको काका, आधी डावं-उजवं, मग पुढं-मागं." त्याने गाडीत जमिनीवर पाणसळ ठेवली, आपल्याकडे भिंत बांधताना गवंडी ठेवतो तीच, पिवळसर द्रवात बुडबुडा असलेली. बुडबुडा एका बाजूस सरकलेला होता. मग सखल बाजूच्या चाकाखाली पिवळी पाचर सरकवून गाडी हात-दोन हात पुढे ओढली, बुडबुडा मध्यावर आला, हातब्रेक ओढला, मोटार सोडवली, आणि त्यानंतर पुढच्या दांडीवरील लहान चाक फिरवून पुढची-मागची पातळी साधली. शेवटी चारी कोपऱ्यांचे टेकू खाली उतरले. हे टेकू गाडी उचलण्यासाठी नव्हेत, केवळ ती डुलू नये एवढ्यासाठी, हे त्याने मला दोनदा बजावले, कारण भार टेकूंवर घेतला तर गाडीचा सांगाडा पिळवटतो. एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मला पडला होता. त्याचे उत्तर रात्री मिळाले. घाईत आमचा मागचा एक टेकू अर्धवटच राहिला होता. मध्यरात्री कूस बदलताना सारे घर कलंडते आहे असा भास होऊन मी दचकून उठून बसलो, आणि पुतण्या विजेरी घेऊन पावसात तो टेकू घट्ट करून आला.

पाण्याचे पिंप हे या गृहस्थीचे खरे दैवत. ते साधारण 40 लिटरचे, आडवे पाडून दांडी अडकवली की रस्त्यावरून चाकासारखे गडगडत न्यायचे. नळावर भरावे, ढकलीत आणावे, उभे करावे आणि त्यात गाडीच्या पंपाची नळी सोडावी. सांडपाणी दुसऱ्या टाकीत साठते, आणि शौचाची पेटी तिच्या ठराविक जागी नेऊन रिकामी करून धुवावी लागते; ते काम ज्याचे त्याने करावयाचे, त्याला दुसरा माणूस नाही, आणि पदवीधर, अधिकारी, निवृत्त न्यायाधीश कोणीही असो, सकाळी ती पेटी हातात घेऊन जाताना समोरच्याला प्रसन्नपणे 'सुप्रभात' म्हणतो. ज्या समाजात हे काम शतकानुशतके एका जातीच्या माथी मारले गेले त्या समाजातून आलेल्या मला ते दृश्य विसरणे शक्य नाही. पाणी असे स्वतः ढकलून आणले की त्याचा हिशोब आपोआप राहतो. दुष्काळी गावात हंडे वाहिलेल्या आमच्या आईला तो न शिकवता येत होता, आणि माझ्या दहा वर्षांच्या नातीला तो त्या सहा दिवसांत आला.

दोन गाड्यांमध्ये निदान सहा मीटर अंतर हवे, हा या तळांवरील पायाभूत नियम. कारण आगीचे आहे. प्रत्येक गाडीत वायूची टाकी असते, आणि एक पेटली तरी शेजारची वाचावी. परंतु या सहा मीटरांचा उपयोग एवढ्यापुरताच राहत नाही. शेजाऱ्याच्या चहाच्या किटलीची शिट्टी ऐकू यावी, पण त्याचे बोलणे ऐकू येऊ नये, असे ते अंतर आहे. आमच्या वाड्यातील पातळ भिंतींना आणि आताच्या सदनिकांच्या बंद दारांना जे साधले नाही ते त्या गवताच्या पट्ट्याला साधले आहे. बंदोबस्त पाहतात ते वॉर्डन. आमच्या तळावर ते एक वयस्क दांपत्य होते, दाराशीच आपल्या गाडीत राहत होते, सकाळी गवत कापीत आणि संध्याकाळी येणाऱ्याला त्याची जागा दाखवीत. या मोठ्या तळांखेरीज शेतकऱ्यांच्या बांधावरचे छोटे तळही देशभर आहेत: 1960 च्या कायद्याने मान्यताप्राप्त क्लबांना असा अधिकार दिला की त्यांच्या सभासदांसाठी कोणाही जमीनदाराच्या शेतात जास्तीत जास्त पाच गाड्यांच्या तळाला त्यांनी प्रमाणपत्र द्यावे, म्हणजे त्या शेतकऱ्याला सरकारदरबारी वेगळा परवाना काढावा लागत नाही. आपल्या शासनानेही 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले आहे. त्या धोरणाला असा पाच गाड्यांचा, बांधावरचा, शेतकऱ्याच्या पदरी चार पैसे टाकणारा अंश लाभावा अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

तळाच्या भिंतीला एक दार आहे, आणि ते उघडले की माणूस थेट चॅट्सवर्थच्या उपवनात येतो. मेंढ्या चरत असतात, नदी डाव्या-उजव्या हाताला वळणे घेते, आणि रमतगमत चालत गेले की ड्यूक ऑफ डेव्हनशायर या घराण्याचा प्रासाद दिसू लागतो. हा सारा 'निसर्ग' अठराव्या शतकात 'केपेबिलिटी' ब्राऊन या उद्यानरचनाकाराने घडवलेला आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. प्रासादातील चित्रे आणि पुतळे यांचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले आहे; मला ओढ होती ती जोसेफ पॅक्स्टन या माळ्याची. हा शेतकऱ्याचा मुलगा 1826 साली, पंचविशीही गाठली नसताना, येथील मुख्य माळी झाला. रशियाच्या झारच्या अपेक्षित भेटीसाठी त्याने 1844 साली जे कारंजे उभारले त्याला पंप नाही, यंत्र नाही. वरच्या माळावर आठ एकरांचे तळे खोदून, तेथून नळाने उतरणाऱ्या पाण्याच्या दाबानेच ते उसळते. झार आलाच नाही, कारंजे राहिले. पुढे 1851 च्या प्रदर्शनासाठी लंडनचा स्फटिकप्रासाद उभा केला तो याच माळ्याने.

पण आम्हा खानदेशकरांचे पॅक्स्टनशी नाते याहून जवळचे आहे. 1830 च्या सुमारास मॉरिशसमार्गे आलेले, मूळचे चीनमधील, केळीचे एक रोप त्याने मिळवले आणि चॅट्सवर्थच्या काचघरात, कोळशाच्या उबेवर, त्याची निगा राखली. 1835 च्या अखेरीस ते फुलले, पुढच्या वर्षी घड धरला, आणि ड्यूकच्या घराण्याच्या नावावरून त्या जातीला 'कॅव्हेंडिश' हे नाव मिळाले. येथूनच तिची रोपे मिशनऱ्यांबरोबर पॅसिफिक महासागरातील बेटांवर गेली. आज जगाच्या बाजारात जे केळे विकले जाते ते बहुतांशी याच कुळातले. आमची जुनी बसराई त्याच कुळातली, आणि रावेर-यावलच्या मळ्यांतून आता सर्वत्र दिसणारी ग्रँड नैनही त्याच कुळातली. आमच्या वडिलांनी तापीकाठी आयुष्यभर बसराई लावली. त्या जातीच्या इंग्रजी नावात एका ड्यूकचे नाव आहे, हे त्यांच्या कानावरही कधी आले नाही. काचघरातील त्या केळीपुढे मी उभा राहिलो, तिचे पान दोन बोटांत धरून पाहिले, आणि पानाच्या मधल्या शिरेचा तो ओळखीचा गार, ओलसर स्पर्श झाला, तेव्हा जे वाटले ते लिहून दाखवणे मला जमणार नाही. सूनबाईने तेवढे विचारले, "काका, घरची आठवण आली ना?" मी मान हलवली.

बेकवेलचा सोमवारचा बाजार आणि तेथील बदामाचे पुडिंग यांत एक दिवस गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ईयम गावी गेलो. पाच-सहा मैलांवरचे हे दगडी घरांचे गाव. 1665 साली लंडनहून येथील शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, आणि त्याबरोबर प्लेग आला. पुढील वर्षी, जून महिन्यात, धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन आणि त्यांच्यापूर्वीचे, मतभेदाने पदच्युत झालेले उपदेशक टॉमस स्टॅन्ली यांनी आपसांतील वितुष्ट बाजूस ठेवून गावाला असा निश्चय करावयास लावला की कोणीही हद्द ओलांडून जावयाचे नाही. चॅट्सवर्थहून ड्यूकच्या घराण्यातील तेव्हाच्या अर्लने अन्नधान्याचा पुरवठा केला. हद्दीवरच्या शिळेत खळगे खोदलेले आहेत, त्यांत व्हिनेगर भरून नाणी ठेवीत आणि बाहेरचे लोक वस्तू ठेवून नाणी उचलून नेत. गावातील 260 माणसे गेली असे परंपरेने मानले जाते. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत आपला नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हाताने पुरली. मॉम्पेसनची पत्नी कॅथरीन 1666 च्या ऑगस्टमध्ये वारली.

त्या शिळेच्या खळग्यांत बोट घालून पाहताना मला आजीच्या तोंडून ऐकलेल्या प्लेगच्या झोपड्या आठवल्या. 1897 नंतरच्या त्या वर्षांत उंदीर पडले की आपल्याकडे गावेच्या गावे घरे मोकळी टाकून माळावर पाला-तट्ट्यांच्या झोपड्यांत राहत. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या. आजी सांगे, माळावरच्या त्या दिवसांत भीती होती, परंतु दोन झोपड्यांमध्ये मोकळी जागा सोडलेली असे आणि रात्री आभाळ दिसे. एका गावाने आत राहून मृत्यूला अडवले, दुसऱ्याने बाहेर पडून. दोन्हीकडे अंतर राखणे हाच उपाय होता. परतल्यावर तळावरील ते सहा मीटरांचे गवत मी निराळ्या दृष्टीने पाहिले.

हा सारा मुलूख पीक डिस्ट्रिक्ट या नावाने 1951 साली ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाला. परंतु त्यामागे 24 एप्रिल 1932 चा दिवस आहे. त्या दिवशी मँचेस्टर परिसरातील शेकडो तरुण कामगार किंडर स्काऊट या पठारावर, जमीनदारांची मनाई मोडून, उघडपणे चढून गेले. शिकारीचे पक्षी राखण्यासाठी तो माळ बंद ठेवलेला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. आज त्या मुलखात कोणाच्याही कुरणातून पायवाट गेलेली असली तर कुंपणाला लाकडी पायरी असते, आणि चालणाऱ्याचा तो हक्क नकाशावर नोंदलेला असतो. आमच्या गावी पाणंदीसाठी भाऊबंद पिढ्यानपिढ्या तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. वहिवाट या शब्दाची किंमत आम्हाला कोणी शिकवावी लागत नाही. तळाच्या भिंतीतील ते दार मला म्हणूनच महत्त्वाचे वाटले.

सातव्या दिवशी सकाळी पाऊस थांबला होता. टेकू वर घेतले, विजेची तार गुंडाळली, पिंपातले उरलेले पाणी नातीने कुंपणाच्या झाडाला घातले. पुतण्या मागे उभा राहून "डावा... उजवा... ब्रेक" असे म्हणत दिवे तपासत होता आणि सूनबाई आत बसून ते लावीत होती. शेजारच्या वृद्ध बाईंनी न उघडलेली दुधाची बाटली आमच्याकडून ठेवून घेतली. आम्ही दाराशी वळलो तेव्हा आमच्या जागेवरचे गवत चौकोनी आकारात फिकट पडलेले दिसले. वॉर्डनबाई वाकून खुंटाजवळची माती पायाने दाबत होत्या, आणि रस्त्यावर दुसरी गाडी आत येण्यासाठी थांबली होती.