‘युवराज’: सुरांना न पेललेली पटकथा
‘ताल’ (१९९९) देणारे सुभाष घई आणि ए. आर. रहमान पुन्हा एकत्र, गीते गुलजारांची! नोव्हेंबर २००८मध्ये आलेल्या ‘युवराज’कडून अपेक्षा मोठी होती. सलमान खान प्रागमधला गायक, कतरिना कैफ चेलोवादक. पण चेलो हाती असूनही तिच्या चेहऱ्यावर संगीत उमटत नाही. झायेद खानचा आरडाओरडा तर असह्यच. वडिलांची संपत्ती थोरल्या भावाच्या नावे होते, या चांगल्या कथाबीजाची पटकथेने कटकारस्थानांत आणि अश्रूंत माती केली. हा थोरला, स्वमग्न ज्ञानेश साकारणारा अनिल कपूर मात्र मनापासून राबला आहे. विजय प्रकाश यांनी गायलेले ‘मनमोहिनी मोरे’ जरूर ऐका, पडद्याकडे न बघता.