फिट कधी आलीच नाही, मग फिटची गोळी कशाला?

विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. काही घरांत थॅलेसेमियाची लेकरे आहेत. भावंडाची अस्थिमज्जा जुळली, तर बोनमॅरो प्रत्यारोपणाने हे आजार बरे होऊ शकतात. पण नवी मज्जा देण्याआधी जुनी मज्जा केमोथेरपीने रिकामी करावी लागते. त्यासाठी अनेक पेशंटना बुसल्फान हे औषध साधारण ४ दिवस देतात.

बुसल्फान रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचते. त्यामुळे आयुष्यात कधी फिट न आलेल्यालाही झटके येऊ शकतात. म्हणून पहिल्या डोसच्या १२ तास आधी फिट रोखणारे औषध सुरू करतात आणि शेवटच्या डोसनंतर किमान २४ तास चालू ठेवतात. पूर्वी फेनिटॉइन देत. त्याने लिव्हर बुसल्फान लवकर बाहेर टाकते, डोसचा हिशोब बिघडतो. म्हणून आता बरेच डॉक्टर लेव्हेटिरासेटाम देतात.

"पोराला मिरगी नाही, ही गोळी कशाला? उद्या लोक काय म्हणतील?" असे आया विचारतात. ही गोळी म्हणजे मिरगीचा शिक्का नव्हे. ती थोड्या दिवसांचे संरक्षण आहे. ती चुकवू नका.

घरच्यांनी एवढे कराच :

• आधी कधी फिट, लकवा किंवा डोक्याला मार झाला असेल तर डॉक्टरांना सांगा. लकवा होऊन गेलेल्या सिकलसेलच्या पेशंटला धोका जास्त असतो.

• गोळीनंतर उलटी झाली तर लगेच नर्सला सांगा. दुसरी गोळी आपल्या मनाने देऊ नका.

• बुसल्फानच्या आधीचे ३ दिवस आणि ते चालू असताना पॅरासिटामॉल विचारल्याशिवाय देऊ नका. त्याने बुसल्फान शरीरात जास्त वेळ राहते. जडीबुटीही नको.

• प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांनी बीपी वाढून फिट येऊ शकते. डोके फार दुखले, धूसर दिसले तर थांबू नका, सांगा.

फिट आलीच तर पेशंटला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, नर्सला हाक मारा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवून फिट थांबत नाही.

भरती होताना एक प्रश्न जरूर विचारा : "फिटचे औषध कधी सुरू होणार आणि कधी बंद होणार?" उत्तर कागदावर लिहून घ्या. रात्री सोबत थांबणाऱ्यालाही तो कागद दाखवा.