चाकांचे अलाइनमेंट: दोन तपासण्यांच्या मधला काळ

चाकांचे अलाइनमेंट तीन कोनांवर ठरते. वरून पाहिल्यास पुढच्या चाकांची तोंडे आत वळलेली आहेत की बाहेर, हा टो. समोरून पाहिल्यास चाक आत कललेले आहे की बाहेर, हा कॅम्बर. चाक ज्या आसाभोवती वळते, त्याचा बाजूने दिसणारा कल म्हणजे कॅस्टर. यांपैकी टो सर्वांत सहज बिघडतो आणि टायरही तोच झपाट्याने खातो.

स्वयंचलित तपासणी केंद्रात हा दोष साइड स्लिप चाचणीत पकडला जातो. गाडी सरळ, हळू एका सरकत्या पाटावरून नेतात. चाके तिरपी असतील तर पाट आडवा ढकलला जातो. हे माप किलोमीटरला किती मीटर असे मोजतात. ते पाच आले, तर भंडारा ते नागपूर या सुमारे ६० किलोमीटरच्या प्रवासात टायर ३०० मीटर आडवा घासल्यासारखा होतो. दोष आहे एवढेच पाट सांगतो. कोणता कोन चुकला, ते अलाइनमेंटच्या मशीनवरच कळते.

मालवाहू आणि प्रवासी वाहनांना १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार फिटनेस प्रमाणपत्र लागते. आठ वर्षांपर्यंत ते दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. खासगी मोटारीची अशी तपासणी मात्र १५ वर्षांनंतर, नोंदणीच्या नूतनीकरणावेळीच होते. हे अंतर फारच मोठे आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ सोडून लाखनी-साकोलीकडच्या गावरस्त्याला लागलेल्या गाडीचा टो एका खोल खड्ड्याने किंवा खचलेल्या साइडपट्टीनेही बदलू शकतो. धानाची पोती राईस मिलला नेणाऱ्या गाड्यांवर ओझ्याचा ताणही असतो.

म्हणून लक्षणे चालकानेच ओळखायला हवीत. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते, सरळ जातानाही स्टिअरिंग वाकडे राहते, टायर एकाच कडेने झिजतो. थांबलेल्या गाडीच्या टायरवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागले, तर टो चुकला आहे असे समजावे. गाडी ओढण्यामागे कमी हवा किंवा अडकलेला ब्रेकही असू शकतो, त्यामुळे आधी ते पाहावे.

मशीनवर चढवण्यापूर्वी चारही टायरमधील हवा, टाय रॉड, बॉल जॉइंट आणि चाकांचे बेअरिंग तपासणे आवश्यक आहे. टाय रॉड सैल असताना केलेले अलाइनमेंट टिकत नाही. तो खर्च वायाच जातो. काम झाल्यावर आधीच्या आणि नंतरच्या मापांचा छापील कागद गॅरेजमधून मागून घ्यावा व गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा.